इंदूबाईंचं न बदललेलं ऑइल

इंदूबाई शेंडे यांनी उजव्या अंगठ्याचं नख मुद्दाम वाढवलेलं आहे. त्याचा उपयोग एकच, टोचणे. दुधी कोवळा आहे की जून हे पाहायला बायका नख लावतात, एवढं आपल्यालाही ठाऊक असतं. पण इंदूबाई दुधीवर थांबत नाहीत. त्या नव्या टायरला टोचतात, दाराच्या ताज्या रंगाला टोचतात, वाढदिवसाच्या केकला टोचतात. आमच्या गल्लीत गणपती आला तेव्हा मूर्ती मातीची आहे की प्लास्टरची, हे त्यांनी मागच्या बाजूला, लोकांना दिसणार नाही अशा जागी टोचून पाहिलं. मूर्ती मातीची निघाली. मग त्यांनी हात जोडले.

आदिलाबादच्या बाजारात माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. शेजारी इंदूबाईंचं भाजीचं दुकान, आणि घरही त्याच गल्लीत. हा शेजार मी निवडलेला नाही. माझ्याकडून बल्ब घेताना त्या तो लावून, विझवून, पुन्हा लावून पाहतात, आणि मग दुसराही लावायला सांगतात. "कोनता जास्त उजेड देते ते त समजू दे!" इतकी खात्री करून घेणाऱ्या बाईचं स्वतःचं दुकान मात्र बघण्यासारखं असतं. कालच्या मेथीवर सकाळी पाणी मारलं की ती आजची होते. टोमॅटोच्या ढिगात वरचे लालबुंद. खालचे कसे आहेत ते गिऱ्हाइकाला घरी गेल्यावर कळतं. एखाद्या बाईने दुधीला नख लावलंच, तर इंदूबाई तिला आधी मराठीत, मग तेलुगूत आणि तेवढ्याने भागलं नाही तर उर्दूत झाडतात.

मी एकदा म्हटलं, "इंदूताई, सगळ्या जगावर संशय घेता, आणि स्वतः काय करता?"

"मनूनच त संशय घेतो न भाऊ," मेथीवर पाणी मारत त्या म्हणाल्या. "वरतून कसं चमकवाचं ते मले मालूम हाय. मंग दुसऱ्यायले मालूम नसन काय?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. फक्त चोर इतक्या मोकळेपणाने कबुली देताना मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

घरात त्या आणि सून ज्योती, दोघीच. मुलगा काही वर्षांपूर्वी काविळीने गेला. ज्योती इचोड्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती आणि रोज स्कूटरने जायची-यायची. रस्ता हैदराबाद-नागपूरचा, सगळा ट्रकांचा. मध्ये जंगलाचा एक पट्टा लागतो, तिथे मोबाइलला रेंज नसते. गाडी नेमकी तिथे बंद पडली तर हाक मारायलाही कोणी नाही. म्हणून इंदूबाईंचा जीव त्या स्कूटरमध्ये अडकलेला, असं मी म्हणायचो. त्यांना ते मान्य नसायचं. "तिची काळजी मी काऊन करू? ती मोठी सिस्टर हाय, लोकायले सुया टोचते. मले गाडीची काळजी हाय." सासू-सुनेचं तोंडाने कधी पटलं नाही. भाजीत मीठ कमी पडलं की दोघींचं जे सुरू व्हायचं ते अख्ख्या गल्लीला ऐकू यायचं.

तर स्कूटरची पहिली सर्व्हिसिंग झाली. शोरूममधून गाडी आली ती नवरीसारखी नटून. धुतलेली, पुसलेली, टायरला काळं पॉलिश, सीटला अत्तराचा वास. दुसऱ्या कोणाला आनंद झाला असता. इंदूबाईंनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि निकाल दिला, "तेल नाही बदललं यायनं."

"कशावरून?"

"बदललं असतं त अत्तर काऊन मारलं असतं?"

 त्यांनी ऑइल मोजायची काडी बाहेर काढली, थेंब बोटांत चोळला, हुंगला, आणि पंच म्हणून मला शोरूममध्ये नेलं. माझं दुकान उघडंच राहिलं.

शोरूम म्हणजे सगळी काच. आत इतका गारवा की घाम घेऊन आलेल्या माणसाला अपराधी वाटावं. कॉफीचं यंत्र होतं, त्यातून गोड गरम पाणी येत होतं. इंदूबाईंनी सोफ्याला नख टोचून पाहिलं आणि त्या उभ्याच राहिल्या. टाय लावलेला एक तरुण आला. त्याला सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणतात. गाडीला त्याचा हात लागत नाही, तो फक्त टॅबला बोट लावतो.

"मॅडम, ऑइल चेंज डन."

"आयिल मार्चिनावा, लेदा?" बदललंस की नाही, एवढंच इंदूबाईंनी तेलुगूत विचारलं.

"मार्चिनाम, अम्मा." बदललं म्हणाला.

"दाखव मंग."

वर्कशॉपमध्ये गिऱ्हाइकाला जाता येत नाही, सेफ्टी आहे, असं त्याने सांगितलं. काचेतून पाहा म्हणाला. काचेतून दिसत होतं ते एवढंच की आत काही गाड्या आहेत आणि काही माणसं आहेत.

"जुनं तेल कुठं हाय?"

"वो तो ड्रम में मिक्स हो गया, अम्मा." सगळ्या गाड्यांचं काळं तेल ते एकाच पिंपात ओततात.

हे ऐकल्यावर इंदूबाईंचा चेहरा उजळला. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पाह्य भाऊ. मढं बी गायब केलं यायनं!"

खरं सांगतो, तेव्हा मलाही संशय आला. मीही दुकानदार आहे. पुढे काच आणि मागे कुलूप अशा दुकानाचा मला तरी भरवसा वाटत नाही.

ॲडव्हायझर आम्हाला दारापर्यंत सोडायला आला. हैदराबादहून फोन येईल, दहापैकी दहा मार्क द्या, नाहीतर माझा पगार कापतात, असं त्याने हात जोडून सांगितलं. फोन दुसऱ्याच दिवशी आला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती. इंदूबाईंनी फोन स्पीकरवर टाकला आणि अर्धा बाजार गोळा केला.

"दहा देऊ मनते? मेथीची जुडी बी कोनी पाह्यल्याबिगर घेत नाही. तू पाह्यलं काय तेल बदलतानी?"

मुलगी म्हणाली, नाही, मी हैदराबादला असते.

"मंग तू काऊन फोन करून राह्यली?"

फोन बंद झाला. तो पुन्हा कधी आला नाही.

पुढच्या वेळी त्यांनी युक्ती केली. स्कूटरच्या पोटाखाली एक बोल्ट असतो, तो खोलल्याशिवाय जुनं ऑइल निघत नाही. सर्व्हिसिंगच्या आदल्या दिवशी त्यांनी मला रस्त्यावर आडवं पाडून त्या बोल्टला शेंदूर फासायला लावला. "खोलला त शेंदूर जाईन, नाही खोलला त राहीन." युक्ती चांगली होती, मी कबूल करतो. पण शोरूमवाले सगळ्यात आधी गाडी धुतात. जोराच्या फवाऱ्याने शेंदूर गेला, आणि सोबत पुरावाही गेला. त्यापुढच्या वेळी इंदूबाईंनी बजावून सांगितलं, गाडी धुवायची नाही. फुकटचं धुणं नको म्हणणारं गिऱ्हाईक ॲडव्हायझरला पहिल्यांदाच भेटलं होतं. मागच्या वेळी धुणं नीट झालं नसावं, अशी त्याने समजूत करून घेतली आणि गाडी दोनदा धुऊन दिली.

अशी ही लढाई चालू असताना ज्योतीचं लग्न ठरलं. ठरवलं इंदूबाईंनीच. सासूनेच सुनेला दुसऱ्या घरी द्यायची म्हटल्यावर बाजारात कुजबूज झाली. रोजचं भांडण नको म्हणून म्हातारी सुनेला उजवून टाकते, असं लोक म्हणाले. लोक म्हणाले म्हणजे सगळ्यांत आधी मी म्हणालो. मुलगा बेल्लमपल्लीचा होता, कोळशाच्या खाणीत कामाला. त्याचीही पहिली बायको गेलेली.

इंदूबाईंनी मला बेल्लमपल्लीला पाठवलं. "खदानीत उतरते का नुसता वरतं बसून चहा पेते, पाहून ये." मी गेलो आणि पाळी सुटेपर्यंत गेटवर ताटकळलो. मुलगा बाहेर आला तो नखशिखान्त काळा. परत येऊन मी तसं सांगितलं.

"धुतल्यावर कसा दिसते?"

"बरा दिसतो."

"धुतल्यावर सबच बरे दिसते. काळा होता तवा हसला काय तुह्यासंग?"

मी आठवून पाहिलं. अंगातलं बळ संपलेलं असतानाही तो हसला होता, आणि चहा घेतल्याशिवाय जाऊ नका म्हणाला होता. मी हो म्हटलं.

"मंग ठीक हाय," इंदूबाई म्हणाल्या, आणि लग्न पक्कं झालं.

ज्योतीला बदलीही तिकडच्या दवाखान्यात मिळाली. स्कूटर तिच्यासोबत जाणार होती, म्हणून जाण्याआधी शेवटची सर्व्हिसिंग झाली. या वेळी इंदूबाई इरेला पेटल्या. घरून स्टीलचं पातेलं घेऊन त्या शोरूममध्ये गेल्या आणि गाड्या आत-बाहेर करायच्या वाटेवर फतकल मारून बसल्या. "पोरगी परमुलखात चालली. तेल डोळ्यानं पाह्यल्याबिगर उठत नाही." मागे गाड्यांची रांग लागली. शेवटी मॅनेजर बाहेर आला. तो हुशार होता. त्याने स्कूटर सगळ्यांसमोर आणायला लावली आणि सकाळीच भरलेलं ऑइल खाली सोडायला सांगितलं, इंदूबाईंच्याच पातेल्यात.

ऑइल निघालं ते तिळाच्या तेलासारखं, पिवळंधमक आणि नितळ. पातेल्याचा तळ दिसत होता.

मला काय आनंद झाला! लावून-विझवून पाहिलेल्या सगळ्या बल्बांचा सूड निघाला. "काय इंदूताई? पटलं का आता?"

त्यांनी पातेल्यात बोट बुडवलं, चोळलं, हुंगलं.  "बदललं हाय," एवढंच म्हणाल्या. मॅनेजरने हसत विचारलं, आता तरी दहा मार्क देणार ना? त्यांनी नुसती मान हलवली. मला वाटलं होतं, खात्री झाल्यावर जीव भांड्यात पडेल. पण त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं.

येताना ऑटोत त्या म्हणाल्या, "तिकडचे शोरूमवाले बी असेच असन काय?"

"असणारच. उलट तिकडचे आणखी चांगले असतील," मी म्हणालो. माझ्या अंगात विजय संचारला होता. 

लग्न झालं. सामानासोबत स्कूटर टेम्पोत चढली. ज्योती पाया पडली, तर आशीर्वाद द्यायचा सोडून इंदूबाई म्हणाल्या, "तिकडच्या शोरूमवर भरवसा ठेवू नोको. तेल बदलाचं झालं का गाडी इकडं घेऊन येत जा. माह्यासमोर बदलू."

बेल्लमपल्ली इथून जवळ नाही. मी म्हणालो, "इंदूताई, एवढी गाडी पळवली तर इथून परत पोचेपर्यंत पुन्हा तेल बदलावं लागेल!" सगळे हसले. ज्योती हसली नाही. ती सासूला आत्या म्हणते. "येईन, आत्या," ती म्हणाली आणि टेम्पोत बसली.

त्यानंतर गल्लीत मिठावरून आवाज आला नाही. इंदूबाई दुकान उघडत, पण मेथीवर पाणी मारायला विसरत. एकदा एका बाईने त्यांच्या डोळ्यांदेखत तीन-चार दुधींना नख लावलं आणि न घेता निघून गेली. इंदूबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. ते पाहून मला फार वाईट वाटलं. तोंडात मारल्यासारखं झालं. मी उगाचच एक बल्ब घेऊन गेलो, म्हटलं पाहा, नवीन आलाय. त्यांनी तो न लावताच ठेवून घेतला.

मग एका रविवारी ज्योती आली. बसने आली, एकटीच. इंदूबाईंनी तिच्या पाठीमागे रस्त्यावर पाहिलं.

"गाडी कुठं हाय?"

"एवढ्या दुरून कशी आनू, आत्या? तेल आनलं." तिने पर्समधून खोकल्याच्या औषधाची एक धुतलेली बाटली काढली. त्यात स्कूटरचं ऑइल होतं. "तिकडच्या शोरूमवाल्यायनं बदललं मनते. मले काय समजते त्यातलं? तुमी पाहा."

बाटली आधी मी घेतली. सवयीने दुकानातल्या दिव्यासमोर धरली. ऑइल इतकं नितळ होतं की बाटलीच्या पलीकडून उजेड सरळ डोळ्यांत येत होता. अगदी कोरं. मी सांगायला तोंड उघडलं, तर ज्योतीने माझ्याकडे पाहिलं. रुग्णाच्या फार बोलणाऱ्या नातेवाइकाकडे नर्स पाहते, तसं. मी तोंड मिटलं आणि बाटली इंदूबाईंना दिली.

त्यांनी तळहातावर थेंब घेतला. चोळला. हुंगला. उन्हात नेऊन पाहिला. मग पदराला हात पुसला, आणि कित्येक दिवसांनी त्यांचा आवाज पार रस्त्यापलीकडे गेला.

"नाही बदललं! चोर हायत सबच्या सब. पुढच्या महिन्यात पुन्हा घेऊन ये."

"आनीन," ज्योती म्हणाली.