नीरम, तिसऱ्यांदा

कोशकारांची चिठ्ठी दुसऱ्यांदा परत आली. खाली मुख्य संपादकांचा लाल शेरा होता : ‘अर्थ वाचलेला वाटतो, पाहिलेला वाटत नाही.’

शब्द होता ‘नीरम’. रिकामं जहाज कलंडू नये म्हणून तळाशी दगड, वाळू असं जे वजन भरतात ते. कोशकारांनी समानार्थी शब्दही दिले होते : तोलभार, स्थिरभार. आता आणखी काय पाहायचं, जहाज? अठरा वर्षांत त्यांचा एकही शब्द तिसऱ्यांदा परत आला नव्हता. तसा आलाच तर तो साहाय्यक बाईंकडे जाणार होता. या बाई गेल्या वर्षी लागलेल्या आणि काम करताना कानात गाणी घालून बसणाऱ्या. हा विचारच कोशकारांना सहन होत नव्हता. रविवारी अकराला मुख्य संपादक स्वतः चिठ्ठी न्यायला घरी येणार होते.

रविवारी नऊला बायको म्हणाली, “अहो, बाथरूममधलं वॉशिंग मशीन जरा पुढे ओढा. मागे पाणी तुंबलंय.”

“मी नीरम लिहितोय.”

“ते काय पळून जातंय?”

कोशकारांनी मशीन ओढलं. ते तसूभर हललं नाही. एवढ्याशा यंत्राला एवढं वजन कशाचं, म्हणून त्यांनी मागचा पत्रा खोलला आणि ते थक्कच झाले. आत, ड्रमला बोल्टने आवळलेला, चक्क काँक्रीटचा ठोकळा होता.

“अगं, यात दगड निघाला.”

“कशात?” स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता.

“मशीनमध्ये. दहा-बारा किलो तरी असेल. आपल्याला सरळसरळ फसवलंय.”

“बरं, मग बघा तुमचं तुम्ही.”

आता या माणसाचा सगळा जन्म दुसऱ्यांच्या वाक्यांतले फालतू शब्द छाटण्यात गेलेला. फालतू वस्तू दिसल्यावर हात कसा थांबणार? त्यांनी बोल्ट काढले, ठोकळा उपसला आणि पत्रा पुन्हा लावला. मशीन एका हाताने सरकलं. ठोकळाही वाया गेला नाही. पंख्याच्या वाऱ्याने टेबलावरच्या चिठ्ठ्या सारख्या उडत, त्यांच्यावर तो फार छान बसला. मागचं पाणी काढून, मशीन जागेवर ढकलून ते पुन्हा नीरमाकडे वळले. बायकोने कपडे टाकून मशीन सुरू केलं.

अकराला मुख्य संपादक आले. त्यांच्या खिशातलं पेन गळलं होतं आणि दोन्ही हात लाल झाले होते.

“वहिनी, जरा हात धुतो,” म्हणून ते बाथरूममध्ये गेले आणि त्यांनी दार नुसतं लोटून घेतलं.

तेवढ्यात मशीन कपडे पिळायला लागलं. आधी घरघर झाली, मग धाडधाड, मग टेबलावरचा कोशकारांचा चष्मा नाचायला लागला. आतून संपादकांचा शांत आवाज आला.

“हे चालतंय.”

“हो, चालूच आहे सर,” कोशकार म्हणाले.

“तसं नाही. पायांनी चालतंय. माझ्याकडे येतंय.”

कोशकार बाथरूमच्या दाराकडे धावले.

“बटण बंद करा ना,” बायको म्हणाली.

“बटण त्याच्या मागे आहे, वहिनी. मी कमोडवर चढलोय.”

मोठा आवाज झाला. दार आत उघडणारं, आणि मशीन नेमकं दाराला येऊन टेकलेलं. पाण्याचा पाइप निसटला असावा, कारण आतून फवाऱ्याचा आवाज आला. बायकोने धावत जाऊन मेन स्विच पाडला.

“काल तर मुकाट्याने उभं होतं,” ती म्हणाली. “तुम्ही त्याला काय केलंत?”

कोशकारांनी टेबलाकडे पाहिलं. मग सगळं सांगितलं. ऐकून बायको म्हणाली,

“अहो, गदागदा हलू नये म्हणूनच बसवलेला असतो तो. तराजूला पासंग नसतो का? आणि तुम्ही आठवडाभर लिहिताय ते तरी दुसरं काय आहे?”

साहाय्यक बाई कोशकारांच्या डोळ्यांपुढे गाणं ऐकत उभ्या राहिल्या.

दोघांनी मिळून दार रेटलं. “दगड काढलाय म्हणून सरकतंय तरी,” कोशकार म्हणाले. आतला नळ बंद करून मुख्य संपादक फटीतून आडवे बाहेर आले. ते नखशिखांत भिजले होते. त्यांनी चष्मा पुसला आणि हात पुढे केला.

“चिठ्ठी.”

कोशकारांनी समानार्थी शब्दांत ‘पासंग’ घातला आणि खाली उदाहरण लिहिलं : ‘नीरम काढताच यंत्र अंगावर आले.’

संपादकांनी ते दोनदा वाचलं. “हा अर्थ पाहिलेला आहे,” ते म्हणाले आणि त्यांनी सही केली. कोशकारांना भरून आलं. सही केलेली चिठ्ठी त्यांनी टेबलावरच्या गठ्ठ्यात, सगळ्यांत वर, ठोकळ्याखाली सरकवली.

“पंख्याखाली बसा, कपडे वाळतील,” बायको म्हणाली. तिने मशीनची पिन काढली, मेन स्विच लावला, पंखा पाचवर केला आणि संपादकांना हवा लागावी म्हणून गॅलरीचं दार सताड उघडलं. मग नवऱ्याकडे वळली. “आणि तुम्ही, आधी तो दगड होता तिथे बसवा.”

कोशकार आज नाही म्हणण्याच्या स्थितीत नव्हते. त्यांनी दोन्ही हातांनी ठोकळा उचलला.

आधी नीरम गेलं, मग ‘न’चे उरलेले सगळे शब्द आणि शेवटी कोऱ्या चिठ्ठ्या, एका ओळीत गॅलरीतून तिसऱ्या मजल्यावरून खाली. ठोकळा छातीशी धरून कोशकार नुसते बघत राहिले.

“दुसरं उदाहरण लिहून घ्या,” मुख्य संपादक म्हणाले.

लिहून घ्यायला टेबलावर एकही चिठ्ठी उरली नव्हती.