निमकरकाकूंचा प्रश्न

सिंगापुरात आमच्या पासिर रिसच्या ब्लॉकमध्ये निमकरकाकूंबरोबर लिफ्टमध्ये शिरलात, तर तुमची सुटका नाही. दार बंद झालं की त्या ताठ उभ्या राहतात आणि हुकूम सोडतात, "विचार मला, सैन्यात बायकांचं काय काम?"

विचारावंच लागतं. एकदा मी नाही विचारलं, तर अकराव्या मजल्यावर दारात भाजीची पिशवी आडवी घालून उभ्या राहिल्या.

मग गोष्ट सुरू. सगळ्या अमेरिकेच्या फौजेतल्या बायका. नावं त्यांना तोंडपाठ आहेत, मला विचारू नका. एक म्हणे पुरुषाच्या वेषात लढली. मांडीत गोळी घुसली, तर डॉक्टरला सोंग कळू नये म्हणून स्वतःच चाकूनं काढली. एका डॉक्टरीणबाईंना शौर्यपदक दिलं आणि पुढे परत मागितलं. "दिलं नाही रे पठ्ठीनं! मरेपर्यंत छातीवर लावून हिंडली." आणि एक नौदलातली गणितवाली. तिला घरी बसवली, पण कॉम्प्युटर कुणाला आवरेनात म्हणून परत बोलवावी लागली. "तुझी भाकरी तिच्यामुळे, कळलं का रे?" मी वन-नॉर्थला प्रोग्रॅमर आहे, त्यामुळे ही गोष्ट माझ्या वाट्याला आठवड्यातून दोनदा.

काकू मुलाकडे राहतात. नात वैतागते, "आजी, सेम स्टोरी लाह!" पण ऐकतील तर शपथ. बुलढाण्याकडच्या शाळेत जन्मभर शिवण शिकवलेली ही बाई; अमेरिकेच्या फौजेचं हिला काय पडलंय? मी आपलं म्हटलं, म्हातारपणी कुणाला गुडघेदुखी जडते, कुणाला हे.

मागच्या महिन्यात त्यांनीच सांगितलं. त्यांची लेक ऋता अमेरिकेत शिकायला गेली, ती तिथल्या नौदलात भरती झाली. तीन वर्षं आईला तिचा फोन नाही. आता तिची बोट शनिवार-रविवार इथल्या चांगीच्या नाविक तळाला लागणार, असं तिनं भावाला कळवलं होतं. काकूंनी लगेच ब्लॉक नंबरासकट जेवणाचं आवतण धाडलं.

"येईल ना रे?"

"न यायला काय झालं?" मी म्हणालो. माझं काय जातंय बोलायला!

शनिवारी सकाळपासून काकू खाली व्हॉइड डेकवर, म्हणजे ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, खुर्ची टाकून बसलेल्या. ठेवणीतली साडी, मांडीवर औक्षणाचं ताट. आधी ओवाळायचं, भाकरतुकडा उतरून टाकायचा, मगच लेकीला वर न्यायचं. वाऱ्यानं निरांजन विझायचं, त्या परत लावायच्या. एक चिनी आजोबा काहीतरी पूजा समजून हात जोडून गेले. मला हसू आलं. रविवारीही त्या तिथंच दिसल्या, तेव्हा नाही आलं.

रविवारी संध्याकाळी लिफ्टमध्ये आम्ही दोघंच. ताटातला भाकरीचा तुकडा वाळून कडक झाला होता. काकू गप्प. हे मला सोसेना. म्हटलं, खुलवावं जरा.

"काकू, सैन्यात बायकांचं काय काम?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हेच म्हणाले होते रे मी तिला. भरती झाल्याचं सांगायला तिनं हौसेनं फोन केला होता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अकरावा मजला आला. काकू बाहेर पडल्या नाहीत. ताट सावरून ताठ उभ्या राहिल्या.

"परत विचार," म्हणाल्या. "तिचा फोन आलाच कधी, तर उत्तर तयार हवं."

मी दार उघडं ठेवायचं बटण दाबून धरलं आणि विचारलं.