खोक्याचे कोपरे

“जा गं, निघ तू. माझा भात लागेल चुलीवर.”

एकोणीस वर्षं झाली, तरी आईचा तो आवाज घासातल्या खड्यासारखा देलियाच्या दाताखाली येई. लेक परदेशी निघालीय, दारात जीप उभी, आणि आईला भाताची काळजी! फिलिपिन्समधलं, बातांगासचं गाव सोडून देलिया मिलानला आली, परक्यांच्या म्हाताऱ्या सांभाळू लागली आणि सुट्टीच्या दिवशी आपल्या तगालोग भाषेत गोष्टी लिहू लागली. मनिलात त्या गोष्टींचं पुस्तक निघालं. त्यात कोंबड्यांच्या झुंजीत बायकोची कर्णफुलं हरणारा बेर्तोकाका होता. शेवटच्या गोष्टीत लेकीपेक्षा भात लाडका असलेली आई होती. नावं तेवढी बदललेली. हे पुस्तक आईच्या हाती पडू नये, एवढंच देलिया जपत होती.

ते पोचवलं तिच्या नवऱ्याने, रोमुलोने. नाताळचं खोकं गावी धाडायचं तर गच्चच हवं. पोकळ खोकं म्हणजे नाचक्की. साबण, चॉकलेटं, मटणाचे सीलबंद डबे भरले, तरी कोपरे खुळखुळत होते. त्याने पलंगाखालच्या पुस्तकाच्या प्रती ओढून चारी कोपरे ठासले. लेक चिआरा झाकणावर बसली, तेव्हा कुठे ते मिटलं. देलियाला कळेपर्यंत खोकं बोटीवर चढलं होतं.

“अरे, काय करून बसलास!”

“धूळच खात होती ना? आता साबणाचा वास तरी लागेल.”

देलियाने गावी फोन लावला. “आई, मी येईपर्यंत खोकं उघडू नकोस हं.”

“तू कधी येणार?”

“आत... उंदीर शिरलाय बहुतेक.”

इटलीचा उंदीर बघायची संधी कोण सोडतो? खोकं आलं त्या दिवशी अख्खं गाव अंगणात, बेर्तोकाका काठी उगारून सर्वांत पुढे. उंदीर निघाला नाही. पुस्तकं निघाली, आणि साबणांबरोबर घरोघर वाटली गेली.

त्यानंतर फोन वाजला की देलिया आधी नाव बघे, मगच उचले.

“पुस्तक झकास!” बेर्तोकाका म्हणाला. “काय जाड कागद! खुराड्यात अंथरलाय. थेंब झिरपत नाही.”

चुलतबहिणीने शेंगदाण्यांच्या पुड्या बांधल्या होत्या. कुणी चिडलं नाही, कारण कुणी वाचलंच नव्हतं. देलिया सुटली, आणि तिला रडू फुटलं.

“मम्मा, तुला हेच हवं होतं ना?” चिआरा म्हणाली.

“तू तरी वाच.”

“मला तगालोग कुठे येतं? शिकवलंस कधी?”

“शाळेत तुला हसतील म्हणून...”

“मग आता बस रडत.”

तेवढ्यात आईचा फोन आला. पडद्यावर नेहमीप्रमाणे नुसती हनुवटी आणि छताचे पत्रे.

“साबण पोचले. चॉकलेटं पोरांनी संपवली.”

“बरं.”

“बेर्तोला सांगू नकोस, पण कर्णफुलांचं तू कमीच लिहिलंयस.”

देलियाने फोन जवळ ओढला. “आई, तू वाचलंस?”

“मागच्या खोक्यातून चष्मा धाडला होतास ना!”

पलीकडे कोंबडा आरवला. हनुवटी हलली, पुन्हा थांबली.

“शेवटच्या गोष्टीत एक चुकलंय गं.”

“काय?”

“त्या दिवशी चुलीवर भात नव्हताच.”