कुसुमचं स्थळ

दळवी भाऊजींकडून कुत्रं न्यायचं असेल, तर आधी शुक्रवारी सकाळी त्यांच्या घरी येऊन कांदेपोहे खावे लागतात. मग तुम्ही इंग्रज असा, फिलिपिनो असा, नाहीतर इथले बहरीनचेच असा. मिरची बाजूला काढून ठेवलीत तरी चालतं, पण बशी हातात धरून बसावंच लागतं. समोर 'मुलगी' बसलेली असते, चार पायांची. ती तुमच्याकडे बघते, तुम्ही तिच्याकडे बघता आणि भाऊजी दोघांकडे बघतात.

आणि हे पोहे करतं कोण? मी! मला कुत्री आवडत नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. लहानपणी साताऱ्यात एक चावलं होतं, तेव्हापासून त्या जातीशी माझं पटत नाही. पण उम्म अल हस्समच्या या बिल्डिंगमध्ये आम्ही राहायला आलो आणि पहिल्याच आठवड्यात तळमजल्यावरचे हे गृहस्थ दारात उभे. साठीकडे झुकलेले, शर्ट व्यवस्थित खोचलेला आणि त्यावर सगळीकडे पांढरे केस चिकटलेले.

"वहिनी, तुम्ही महाराष्ट्रातल्या ना? उद्या मुलगी बघायला येणार आहेत. माझ्या पोह्यांचा गोळा होतो. तेवढे करून द्याल?"

मला भरून आलं हो! म्हटलं, बिचाऱ्याची बायको गेलेली दिसतेय, परमुलखात एकटा बाप मुलीचं जमवतोय. मी पोहे केले, वर खोबरं-कोथिंबीर पेरली, चांगली काठापदराची साडी नेसून खाली गेले. बघते तर मुलगी खुर्चीखाली बसून मागच्या पायानं कान खाजवतेय. त्या साडीवरून विवेक, म्हणजे आमचे हे, मला अजून चिडवतात.

तेव्हापासून पोह्यांचं खातं माझ्याकडे आहे ते आहेच.

भाऊजी कुडाळकडचे. एका कंपनीत इलेक्ट्रिकल सुपरवायझर आहेत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्यात. इकडे माणसांची नोकरी संपली की ती फ्रिज विकतात, सोफा विकतात, गाडी विकतात. कुत्रं कुणी घेतलं नाही, तर सखीरच्या बाजूला वाळूत नेऊन सोडतात आणि एअरपोर्ट गाठतात. काही तर त्याआधी बडवतातही मेले. असलं कुठलं तरी हाडांचा सापळा झालेलं कुत्रं भाऊजी गाडीत घालून आणतात, डॉक्टरकडे नेतात, खाऊपिऊ घालून उभं करतात आणि मग 'उजवतात'. हा शब्द त्यांचा.

एका वेळी एकच, कारण घरमालक अबू युसुफनी बोट वर करून सांगितलंय, "वाहद! दुसरं दिसलं की खलास." म्हणजे आतलं सासरी गेल्याशिवाय बाहेरच्याला दार नाही.

नावं सगळी आपल्या आजीच्या मैत्रिणींची असावीत तशी. मंदाकिनी, सुशीला, वत्सला. "अहो, ल्यूसी-बिसी ठेवा की, नेणाऱ्यांना म्हणता तरी येईल," असं मी एकदा म्हटलं. तर म्हणाले, "पोरगी रस्त्यात सापडली म्हणून काय वाटेवर पडलेली नाही, वहिनी. नाव घरंदाजच हवं."

आणि त्या मुलाखती! "युवर हाऊस, हू इज शाउटिंग पर्सन?" हा पहिला प्रश्न. मग पगार सोडून सगळं. जेवायला किती वाजता बसता, सुट्टीला गावी गेलात तर हिला कुठे ठेवणार, सासू आहे का, असली तर तिला केस गळलेले चालतात का. सार भागात राहणारा एक उंचापुरा इंग्रज साहेब घाम पुसत उत्तरं देत होता आणि त्याची बायको "पास झालो का आपण?" अशा चेहऱ्यानं माझ्याकडे बघत होती. झाले ते पास. वत्सला त्यांच्याकडे दिली. आता ते सुट्टीला गेले की वत्सला माहेरपणाला येते आणि परत जाताना भाऊजी तिच्यासोबत बिस्किटांचा पुडा देतात. नुसतं कसं पाठवायचं?

कुणी घाई केली की मात्र संपलं. "घाई कुणाला आहे? आम्हाला मुलगी जड नाही झालेली!" एवढं बोलून भाऊजी त्याच्या हातातली पोह्यांची बशी काढून घेतात. डोळ्यांनी पाहिलंय मी.

तर अशा घरात कुसुम आली.

कुसुम सलुकी. इकडची शिकारी जात, उंच पायांची, बारीक कमरेची. आली तेव्हा गळ्यात तार रुतलेली आणि पाठीवर वळ होते. मी दारातूनच पाहिलं आणि वर येऊन विवेकला म्हटलं, ज्यानं हे केलं त्याचे हात झडोत. आली ती थेट दिवाणाखाली गेली आणि तिथेच राहिली. पुरुषानं हात वर केला की थरथरायची. पट्ट्याचं बक्कल नुसतं वाजलं, तरी जागच्या जागी मुतायची.

भाऊजींनी काय करावं? पट्टा वापरायचा सोडला! पुढचे काही दिवस हा माणूस ऑफिसला जाताना एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात पँट धरून जिना उतरायचा. वॉचमननं मला विचारलं, "मॅडम, दळवी साबका तबियत ठीक है ना?" मग कुठून तरी त्यांनी पँट खांद्यावरून धरून ठेवणारे गॅलिस पैदा केले. लाल रंगाचे! सुपरवायझर साहेब लाल गॅलिस लावून साईटवर! हसायचं तरी किती माणसानं!

कामावरून आले की दिवाणाकडे पाठ करून फरशीवर मांडी घालायची, मागे वाडगा ठेवायचा आणि बोलत बसायचं, असा त्यांचा नेम झाला. तिच्याकडे बघायचं नाही, हात लावायचा नाही, नुसतं बोलायचं, आणि तेही मालवणीत. "जेव गो बाय. घाबरा नको. मी आसंय मा हय." मी काही द्यायला गेले की मला ऐकू यायचं. माझ्याशी तेच भाऊजी पुस्तकातलं मराठी बोलत, साईटवर हिंदी, साहेबांशी इंग्रजी.

एके दिवशी दार वाजलं. भाऊजी! "वहिनी, माझ्या मागे बसून जेवली. मी वळलो नाही हां!" मीही खुळ्यासारखी साखर आणून त्यांच्या हातावर ठेवली.

पण स्थळ काही जमेना. पाहुणे येत, पोहे खात आणि मुलगी दिवाणाखालून बाहेरच येत नसे. एकजण म्हणाला, "आम्हाला जरा खेळकर पाहिजे होती." तो गेल्यावर भाऊजी तासभर धुमसत होते. "खेळकर! तमाशाला उभी करायचीय काय ह्यांना?"

अशात मरियम बाई आल्या. मुहर्रकच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. अंगणाचं जुनं घर, घरात त्या आणि त्यांची बहीण. आल्या, सलाम केला, दिवाणाकडे एकदा पाहिलं आणि खुर्ची सोडून सरळ सतरंजीवर बसल्या. दिवाणाकडे पाठ करून! कुणी सांगितलं नव्हतं हो. त्यांच्या वडिलांकडे सलुकी होत्या म्हणे. भाऊजींचे सगळे प्रश्न त्यांनी शांतपणे ऐकले, शांतपणे उत्तरं दिली आणि माझ्याकडे वळून पोह्यांत राई आधी घालायची की नंतर ते विचारलं. तेवढ्यात दिवाणाखालून एक लांबट नाक बाहेर आलं. मग मान आली, मग अख्खी कुसुम आली आणि बाईंच्या मागे, पाठीला पाठ लावून बसली.

मी जागीच टाळी वाजवणार होते. म्हटलं, जमलं! आता साखरपुडाच!

भाऊजी म्हणाले, "कळवतो."

कळवतो? एक आठवडा गेला, दुसरा गेला. तिकडे दवाखान्यातून डॉक्टरीणबाईंचे फोनवर फोन. मोटारीखाली पाय मोडलेलं एक पिल्लू पिंजऱ्यात पडलं होतं, न्यायला कोणी नव्हतं. कुसुम गेल्याशिवाय त्याला जागा नाही. शेवटी मीच एका संध्याकाळी भाऊजींना जिन्यात गाठलं.

"मरियम बाईंना काय सांगितलंत?"

"मुहर्रक लांब पडतं, वहिनी."

"लांब? पूल ओलांडला की मुहर्रक! सुशीलाला कॅनडात दिलीत तेव्हा लांब नाही वाटलं?"

"त्यांच्याकडे मांजर आहे."

"म्हातारं आहे ते. त्याला दात तरी आहेत का?"

"घर फार मोठं आहे. बिचकेल ती."

"अहो, स्थळाचं घर मोठं म्हणून नाक मुरडणारा बाप मी जन्मात पाहिला नाही!" माझा आवाज चढला. चढू दे म्हटलं. "तुम्ही मुद्दाम खोट काढताय. इतक्या वर्षांत दुसऱ्यांच्या शंभर खोटी काढल्यात, आज तुमची मी काढते. तुम्हालाच ती द्यायची नाहीये. मग ठेवा! पण त्या पिल्लाला काय सांगू, पिंजऱ्यातच मर?"

फार बोलले मी. भाऊजी कठड्याला धरून उभे राहिले, लाल गॅलिसचा एक पट्टा खांद्यावरून घसरलेला.

"ता सगळा खरा, वहिनी," ते म्हणाले. "पण तिच्याशी मालवणी कोण बोलतला?"

माझ्याशी ते कधी मालवणी बोलले नव्हते. माझ्या एकदम लक्षात आलं, हे कुसुमचं नाहीच. हा माणूस दिवसभर तीन भाषा बोलतो आणि त्यातली एकही त्याच्या आईची नाही. पुण्याच्या नातवंडांना फोन केला, तर ती "हाय आजोबा, वी आर फाइन" म्हणून फोन बापाकडे देतात. घरी येऊन दिवाणाकडे पाठ करून तासन्‌तास बोलायचे, ते काय एकट्या कुसुमला धीर देत होते? माझा राग कुठल्या कुठे गेला आणि इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू!

मी म्हटलं, "बाईंना शिकवा की. शिक्षिका आहेत, शिकतील."

ते हसले. मग त्यांनी तिथेच, जिन्यात उभं राहून मुहर्रकला फोन लावला.

पाठवणीच्या दिवशी, शुक्रवारी, बाई खरंच पहिलीतल्या पोरीसारख्या शिकत होत्या. "जेव गो." "ये गो हय." "घाबरा नको." 'घाबरा' म्हणताना त्यांचा घ काही होत नव्हता आणि भाऊजी पुन्हा पुन्हा म्हणायला लावत होते. कुसुम मागच्या सीटवर चढली. "पुलावर सावकाश हां, वारा असतो," असं त्यांनी बाईंच्या ड्रायव्हरला चारदा बजावलं. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. रडलं कोण? मी! कुत्री न आवडणारी मी, हातात पोह्यांचं रिकामं पातेलं घेऊन रस्त्यात उभी राहून.

शनिवारी दुपारी आम्ही जेवून उठतोय तोवर भाऊजी धापा टाकत वर आले.

"कुसुम जेवत नाही. गेल्यापासून घास घेतला नाही. बाई म्हणतात, व्हिडिओवर या. मला तो लावता येत नाही. चष्मा पण खाली राहिला."

मी फोन लावला आणि पाण्याच्या तांब्याला टेकवून टेबलावर उभा केला. पलीकडे मरियम बाई फरशीवर बसल्या होत्या, समोर भरलेला वाडगा, आणि मागे कुसुम दाराकडे तोंड करून पडलेली. भाऊजींना नुसता उजेड दिसत असणार. त्यांनी खुर्ची ओढली, बसले आणि मग काय वाटलं कोण जाणे, खुर्ची फिरवून फोनकडे पाठ करून बसले.

"काय गो बाय? जेवक नाय? हट्ट करतस? घाबरा नको. चांगली माणसां आसत ती. जेव गो."

कुसुमचे कान उभे राहिले. उठली, फोन हुंगला, फोनच्या मागे जाऊन पाहिलं आणि परत आली. भाऊजी बोलतच होते. ती वाडग्यापाशी गेली आणि खाऊ लागली. विवेक माझ्या मागून बघत होते, त्यांनी माझा दंड घट्ट धरला. सगळा वाडगा तिनं चाटूनपुसून साफ केला, जीभ फिरवली आणि अंगणात निघून गेली. उन्हात जाऊन आडवी झालेलीही मला दिसली.

भाऊजींची पाठ इकडे. त्यांना काय पत्ता?

"आज बाजारात सफी मासळी चांगली इली होती, गो," ते सांगत होते. "ताजी फडफडीत. पण एकट्यापुरता काय घेवचा? तसोच परत इलंय. उद्या त्या पिल्लाक आणूक जावचा आसा. नाव काय ठेवूया, सांग?"

मी त्यांना हाक मारणार होते की अहो, ती गेली कधीच. पण पलीकडे मरियम बाईंनी माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. वाडगा बाजूला सारून त्या सरकून फोनच्या जवळ आल्या. 'सफी' सोडली तर त्यांना त्यातला एक शब्द कळत नव्हता.

"ऐवा," त्या हळूच म्हणाल्या. म्हणजे, हो, ऐकतेय. "ऐवा... ऐवा..."

भाऊजींनी मान वळवून त्या उजेडाकडे पाहिलं. मग घसा साफ केला, खुर्ची सरळ करून फोनकडे तोंड करून बसले आणि म्हणाले,

"तर काय सांगत होतंय..."