चाळीसच्या पुढचा आवाज

आमच्या बिल्डिंगमधले अण्णा परब कुणाच्या घरी चहाला जात नाहीत. लोकांनाच खाली बोलावून आपल्या जुन्या पिकअपमध्ये बसवतात. ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसायचं, चपला काढून तळवे पत्र्यावर टेकायचे आणि विक्रोळीहून हायवेने एक चक्कर मारून यायचं. अण्णा वाटेत काही बोलत नाहीत. मध्येच मान वाकडी करून विचारतात, "आयकलंस?"

ऐकायचं ते पायाखालून येणारं 'धप्प'. एकदा, कधी लागोपाठ दोनदा. दुसऱ्या मजल्यावरच्या तबल्याच्या सरांनी ते कुठल्याच तालात बसत नाही असा निर्वाळा दिला. डॉक्टरीणबाईंनी स्टेथोस्कोप दिला, तो ग्रीसच्या वासासकट परत मिळाला. मागे एखादा नारळ घरंगळत असेल, असं सेक्रेटरींचं मत पडलं, तर अण्णांनी सगळा हौदा धुऊन काढला. "तसा नाय ता," एवढंच म्हणायचे आणि ऐकणाऱ्याच्या हातावर गुळाच्या मालवणी खाज्याची पुडी ठेवायचे.

मेकॅनिकही बरेच झाले. कुणी शॉक-अब्सॉर्बर बदलले, कुणी सायलेन्सर आवळला. दर वेळी अण्णा येऊन सांगत, "आवाज तसोच आसा," आणि सांगताना त्यांचा चेहरा मुलगा पास झाल्यासारखा. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. मी आपला खाजं खात होतो.

एका रविवारी ते मला घेऊन भांडुपला उस्मान मिस्त्रीकडे गेले. जाताना हायवेवर काटा चाळीसच्या पुढे सरकला तसं पायाखाली धप्प झालं. अण्णांनी लगेच वेग कमी केला. "आयकलंस?" मी मान डोलावली. पण उस्मान आमच्या मध्ये दाटीवाटीने बसल्यावर मात्र अण्णा तीसच्या वर जाईनात.

"चाचा, गाडी तो मक्खन है," उस्मान म्हणाला.

मला राहवलं नाही. "अहो अण्णा, चाळीसच्या पुढे न्या ना, तिथेच वाजतं."

अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या घरातली गोष्ट चारचौघांत फोडली होती. पण गाडी पळवली. गॅरेजात परतल्यावर उस्मान गाडीखाली शिरला आणि दहा मिनिटांत बाहेर आला. इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत जाणाऱ्या लांब शाफ्टला धरून ठेवणारा रबर फाटला होता; वेग वाढला की शाफ्ट वर पत्र्याला धडकत होता.

"आज नको," अण्णा म्हणाले. "पुढच्या आयतवारी बघू."

मी वैतागलो. सगळ्या बिल्डिंगला चपला काढून बसवलंत ते कशासाठी, असं जरा चढ्या आवाजातच विचारलं. अण्णा बाहेरच्या टायरवर जाऊन बसले. उस्मानने मागवलेला चहा तसाच हातात धरून म्हणाले,

"ही गेली, तेच्यानंतर दोन महिन्यांनी सुरू झालो आवाज."

काकींना मी पाहिलं होतं. नवरा-बायको मिळून कोकम, कुळथाचं पीठ, खाजं विकायला मुलुंड-घाटकोपरला जायची, आणि काकी कायम त्याच सीटवर. इंजिनापुढे बोलणं ऐकू येत नसे, आणि चारचौघांत नवऱ्याला हाक मारायची काकींना लाज. म्हणून त्या चप्पल काढून पाय आपटायच्या. एकदा आपटला की हळू, दोनदा आपटला की थांबा. अण्णांना तरुणपणापासून गाडी पळवायची खोड, आणि तीस वर्षं ती त्या पायाने आवरली होती.

"माका वाटला, माझ्याच कानात वाजता," अण्णा म्हणाले. "म्हणान सगळ्यांका बसवलंय. तुमकाय आयकाक येय."

मला स्वतःची लाज वाटली. आपण मजा म्हणून ऐकून आलो, आणि हा माणूस दर फेरीला आपल्याकडून खात्री करून घेत होता.

तेवढ्यात उस्मान हात पुसत आला. "चाचा, शाफ्ट रास्ते में गिरा, तो आप भी जाओगे, सामनेवाला भी जाएगा."

अण्णांनी गार झालेला चहा संपवला. "कर बाबा. कोणाक लागला-बिगला, तर ती माका सोडूची नाय."

परतताना मी सवयीने चपला काढून बसलो. चाळीस झाले, पन्नास झाले. पायाखाली काही नाही. अण्णा मान वाकडी करून ऐकत होते. साठ झाले. गाडी खरोखर लोण्यासारखी चालली होती आणि मला ते अजिबात आवडत नव्हतं.

कांजूरच्या अलीकडे पुढचा डंपर अचानक हळू झाला. अण्णांचं लक्ष पायाखालच्या पत्र्याकडे. मी घाबरलो आणि माझा पाय आपोआप आपटला. खरं सांगतो, त्यात दुसरा काही विचार नव्हता.

अण्णांनी ब्रेक दाबला. डंपर पुढे निघून गेला. अण्णांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. समोरच्या काचेकडे बघत हळूच म्हणाले, "आयकलंय गे, आयकलंय."

विक्रोळी येईपर्यंत काटा चाळीसच्या पुढे गेला नाही.