खालून वर वाचा, गुरुजी

श्रावण सोमकुवर कोणताही कागद दोनदा वाचून घेतो. एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर. हे मला आधी ठाऊक असतं, तर त्या संध्याकाळी माझी फजिती झाली नसती.

दिव्यांगांच्या शिबिराचा फॉर्म घेऊन तो आमच्या ओसरीवर आला होता. फॉर्म हिंदीत. मध्य प्रदेशातल्या आमच्या पांढुर्ण्यात कागद हिंदीत चालतो आणि भांडण मराठीत. त्यात ओळीनं रकाने होते: तुम्हाला काय हवं त्यावर खूण करा. पेन्शन, बसची सवलत, पांढरी काठी, आणि सातव्या नंबरावर रोजगार. मी शाळेत गणित शिकवतो. वय बावन्न. दुसऱ्याचं भलं कशात आहे हे मला त्याला न विचारताच कळतं, असा माझा बरीच वर्षं समज आहे. जन्म अंधारात गेलेल्या माणसाला नोकरी कोण देणार, उगाच हेलपाटे कशाला, असं मनाशी म्हणत मी सातव्या रकान्यावर एक आडवी रेघ ओढली. मग खणखणीत आवाजात फॉर्म वाचून दाखवला. सहा आणि आठ एका दमात म्हटले, सातवा गिळला.

"बेस," श्रावण म्हणाला. "आता खालून वर वाचा, गुरुजी."

"काहून रे?"

"वरून वाचताना माणूस घसरत येते. खालून चढाव लागते. पाय कुठं पडला ते समजते."

मी चढायला लागलो. "नऊ. आठ." आणि थांबलो. उलटे आकडे म्हणताना गणिताच्या मास्तरालाही एकेक पायरी मोजावी लागते.

"सातवा बिमार पडला का?"

मी मान हलवली. मग लक्षात आलं की इथे मान हलवून काही उपयोग नाही. "रोजगाराचा आहे," मी पुटपुटलो. "मी म्हटलं, तुला कशाला तरास…"

"गुरुजी, आंधळा मी हाव. तुमी काहून चाचपडून राहिले?"

हे त्याचं हुकमी वाक्य. बँकेत पेन शोधणाऱ्या बाबूला, सुट्ट्या पैशांसाठी खिसे उलटे करणाऱ्या कंडक्टरला, लाईट गेली की आमच्याच घरात टेबलाला ठेचकाळणाऱ्या मला, सगळ्यांना तो हेच ऐकवतो. रेघ खोडून मी सातव्यावर खूण केली. कागद थोडा फाटला. "राहू द्या," तो म्हणाला, "जोरात मागितलं असं वाटन."

श्रावण आमच्याच गल्लीत, जाम नदीकडच्या टोकाला राहतो. वय चव्वेचाळीस. चार वर्षांचा असताना गोवर निघाला आणि डोळे घेऊन गेला. बुबुळं इतकी आत गेली आहेत की पापण्या मिटलेल्याच असतात. नागपूरला अंधशाळेत शिकून तो वेताच्या खुर्च्या विणायला शिकला, आणि पंचवीस वर्षं पांढुर्णा-सौंसरच्या शाळांच्या, दफ्तरांच्या खुर्च्या त्यानंच विणल्या. आमच्या स्टाफरूममधल्या माझ्या खुर्चीवर मी बसलो आणि वेत करकरला की तो दारातूनच म्हणायचा, "गुरुजी, दिवाळी लय मानवली तुमाले." मग प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. त्या तुटल्या की लोक फेकून देतात. श्रावणकडे सौंसरच्या बाजूला संत्र्याच्या शेडमधलं काम तेवढं उरलं. फळ हातात घेऊन भरीव कोणतं, फोपसं कोणतं हे निवडायचं. बहार संपला की कामही संपलं.

तीन वर्षांपूर्वी त्याची आई गेली. तेव्हापासून तो एकटाच. स्वयंपाक स्वतः करतो, काठी टेकत गावभर हिंडतो, आणि शर्टाच्या खिशातला त्याचा फोन सारखा भराभरा काहीतरी पुटपुटत असतो. मला वाटायचं, बातम्या ऐकतो.

"बिचारा" हा शब्द त्याच्यापुढे उच्चारायचा नाही. बसमध्ये एकदा एका आजोबांनी उठून त्याला जागा दिली. यानं वय विचारलं. बहात्तर. "मंग तुमी बसा बाप्पा, माहे डोळे गेले, पाय हायेत." पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीला, म्हणजे दोन काठांवरून एकमेकांना गोटे मारायच्या आमच्या जत्रेला, तो दरवर्षी नदीच्या काठावर जाऊन उभा राहतो. वर तोंड करून सांगतो, "या गावात डोळे असलेल्या किती जणाइचे डोके फुटले, मोजा. मले अजून एक गोटा लागला नाही."

त्याच्या बसच्या पासावर एक सहायक सोबत नेता येतो. त्याचं नाव लिहायची जागा फॉर्मात असते. दरवेळी मी विचारतो, कोणाचं लिहू? दरवेळी तो म्हणतो, "तिथं मारा तुमची आडवी रेघ. तुमाले आवडते ना."

पेन्शनबद्दल त्याचं मत असं: "पेन्शन म्हणजे तापातली खिचडी हाय, गुरुजी. खातो मी. नाही कायले म्हणू? पण चव्वेचाळीस वर्षं खिचडीच खाय म्हणणारा भेटला का डोकं फिरते."

तर त्या फाटलेल्या फॉर्मावरून खरोखर उत्तर आलं. सौंसरच्या एका सरकारी दफ्तरात भृत्याची, म्हणजे शिपायाची, एक जागा दृष्टिबाधितांसाठी राखीव आहे, मुलाखतीला या. मी ते पत्र वरून वाचलं, खालून वाचलं. खालून वाचताना शेवटून दुसरी ओळ सापडली: दिव्यांग प्रमाणपत्राची मुदत संपलेली नसावी.

श्रावणच्या प्रमाणपत्राची मुदत मागच्याच महिन्यात संपली होती. ते पाच वर्षांसाठी होतं.

"पाच वर्षांसाठी?" मी म्हणालो.

"त्याइले आशा होती," श्रावण म्हणाला. "मले नव्हती."

मुलाखत सोमवारी. प्रमाणपत्राचं शिबिर त्याआधीच्या शुक्रवारी. तो एक दिवस हुकला की जागा गेली, आणि अशी जागा आमच्याकडे दर वर्षी निघत नाही.

शुक्रवारी मी रजा टाकून त्याच्यासोबत गेलो. त्यानं बोलावलं नव्हतं. रांग सरकत आमचा नंबर आला. ओळख पटवायच्या मशीनवर एक बाई बसल्या होत्या. त्यांनी कॅमेरा श्रावणच्या तोंडासमोर धरला आणि म्हणाल्या, "भैया, पलकें झपकाइए."

श्रावणनं भुवया वर केल्या. पापण्या मिटलेल्याच.

"झपकाइए ना. मशीन को पता चलना चाहिए कि आदमी जिंदा है."

"बाई, मैं बोल रहा हूँ. मुर्दा बोलता है क्या?"

"मशीन सुनती नहीं है, भैया. देखती है."

"मैं सुनता हूँ, देखता नहीं," श्रावण म्हणाला. "अब हम दोनों की शादी कैसे जमेगी?"

रांगेतली माणसं हसली. बाईही हसल्या, पण मशीन हसलं नाही. लाल दिवा. मग बोटांचे ठसे घेतले. लाल दिवा. दहाही बोटं झाली. वेत ओढून ओढून बोटांवरच्या रेषा कधीच गुळगुळीत झाल्या होत्या. बाई म्हणाल्या, पुढच्या महिन्यात या, वरून काही सूचना आली तर बघू.

मी श्रावणचा दंड धरला. "चल, काही उपाय नाही." पुन्हा माझं तेच, आडवी रेघ.

त्यानं दंड सोडवून घेतला आणि खुर्चीत आणखी मागं सरकून बसला. "मी उठत नाही. पंचवीस वर्षं यांच्याच दफ्तराच्या खुर्च्या विणल्या. माहे ठसे त्याइच्यात गेले. पाहिजे असन त खुर्च्या उलट्या करा न घ्या."

बाईंनी समजावलं. मी समजावलं. मागून रांगेतला एक जण ओरडला, "अरे उठ ना बे, आमचा नंबर हाय!" श्रावण मान न वळवता म्हणाला, "तुह्याच नंबरासाठी बसलो. आज मले उठवलं त उद्या तुलेबी उठवतीन." तो माणूस कुबड्या बाजूला ठेवून शेजारी फरशीवर बसला. मग आणखी एक बाई बसली. मी एकटाच उभा होतो, आणि एवढ्या बसलेल्या माणसांत धडधाकट उभं राहायची मला लाज वाटायला लागली. मीही बसलो. खाली बसताना पॅन्ट उसवली, ते असो.

शेवटी आतून मेडिकल बोर्डाचे डॉक्टर आले. केस पिकलेले, चष्मा कपाळावर. सगळं ऐकून घेतलं, श्रावणच्या पापण्या बोटानं हळूच उघडून पाहिल्या, मग बोटं उलटी करून पाहिली. म्हणाले, "मशीन को रहने दो. मैं हाथ से लिखता हूँ." लिहिलं, शिक्का मारला, सही केली. मुदतीच्या जागी त्यांनी एकच शब्द लिहिला होता: स्थायी.

तो मी श्रावणला बाहेर येऊन तीनदा वाचून दाखवला. वरून वाचा की खालून, एकच शब्द.

"चाला," तो म्हणाला, "आंधळेपण पक्कं झालं. आता नोकरी पक्की करू."

सोमवारी मी पुन्हा मागं लागलो. सौंसरची बस, मग पायी दफ्तर. तो असा सरळ चालत गेला की काठीची गरज मलाच आहे असं वाटावं. आत साहेब म्हणाले, "भाई, पेंशन तो मिल ही रही है. आराम से घर बैठो."

"आराम की पोस्ट निकली है क्या साहब? मैंने तो भृत्य की भरी थी."

साहेबांनी माझ्याकडे बघून विचारलं, "ये फाइल एक कमरे से दूसरे कमरे में कैसे ले जाएँगे?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. श्रावण म्हणाला, "गुरुजी, तुमी बाहेर बसा."

मी दाराबाहेर बसलो. दार उघडंच होतं. तो सांगत होता, "साहब, मंगल से शनि, शिबिर का दिन छोड़कर, रोज सुबह की बस से आया हूँ. आपके चपरासी से पूछ-पूछकर घूमा. सात कमरे हैं, स्टोर की दहलीज ऊँची है, और आपके बगल वाले दरवाजे की कुंडी बाहर निकली हुई है, उससे आपके बाबू की बाँह रोज फटती होगी. फाइल पर कमरे का नंबर उभारकर लगवा दीजिए. बाकी मैं पूछ लूँगा. नया आदमी पूछता ही है."

साहेब म्हणाले, "सुना है आप लोगों के कान बहुत तेज होते हैं."

"नहीं साहब. कान आप जैसे ही हैं. मैं ध्यान देता हूँ."

मग साहेब कोणाला तरी म्हणाले, "वो कुंडी ठीक करवाओ. और इनके कागज ले लो."

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, चार दिवस येऊन गेलास, मला सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, "तुमी सोबत आले असते, गुरुजी. मंग मी तुमालेच सांभाळत बसलो असतो."

श्रावणला नोकरी लागून आता दोन महिने झाले. सकाळच्या बसनं जातो, दिवेलागणीला येतो. पहिले तीन आठवडे तो आमच्याकडे फिरकला नाही. बरंच झालं, माझं मी म्हणालो. संध्याकाळी ओसरीवर चष्मा लावून बसायची सवय तेवढी सुटत नव्हती. मुलगा इंदोरला, मुलगी नागपूरला. ओसरीवर मी आणि एक रिकामी खुर्ची.

चौथ्या रविवारी काठीचा आवाज आला. श्रावणनं खिशातून घडी केलेला कागद काढला. "वाचा त."

"आता कायचा फॉर्म? नोकरी तर लागली."

"वाचा त खरं."

नगरपालिकेचं जाहीर सूचनापत्र होतं. अमुक तारखेला नळ येणार नाहीत. मी वरून वाचलं. तो म्हणाला, खालून. खालून वाचताना मी तारीख चुकवली. श्रावणचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "गुरुजी, आंधळा मी हाव न…" करून त्यानं मला सुनावलं, मग गणित कोण शिकवते तुमच्या शाळेत म्हणून पुन्हा सुनावलं, चहा प्यायला, आणि घडी खिशात घालून निघून गेला. तारीख मागच्याच आठवड्यात उलटून गेली होती, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

तो कोपऱ्यावरून वळला तसा मी आत जाऊन हिला ऐटीत म्हणालो, "पाहिलं? नोकरी लागली तरी माझ्याशिवाय त्याचं पान हलत नाही."

ही मेथी निवडत होती. वर न पाहता म्हणाली, "त्याचा फोन सारंच वाचते. कागदाचा फोटो काढला का बोलते. माह्या गॅसचं कार्ड त्यानंच वाचून देल्लं, दोन वर्षं झाले."

मी विचारलं, "मंग इथं कायले येते?"

"मीबी हेच इचारलं होतं त्याले," ती म्हणाली. "त म्हणे, वहिनी, फोन कधी चुकतच नाही. मंग भांडाव कोणासंग?"