आप्पांचं विमान, भाग पहिला

बायकोला विमानाची जराशी भीती घालायची, एवढंच रोहिदास आप्पांनी ठरवलं होतं. पुढचं सगळं टीव्हीनं केलं.

झालं असं, की बंगळुरूला त्यांच्या विश्वजीतला मुलगी झाली आणि त्यानं बारशासाठी आईवडिलांना विमानाची तिकिटं धाडली. धुरपदाबाईंनी लगेच नव्या साडीला फॉल लावून घेतला. आप्पांनी मात्र रेल्वेचं टाइमटेबल काढलं. पण एकतीस वर्षं दौंडातून मालगाडीचा गार्ड म्हणून हिंडलेला माणूस, 'मला भ्या वाटतंय' म्हणणार कुठल्या तोंडानं? (रेल्वे कॉलनीत अजून चार जण त्यांना साहेब म्हणतात. त्यातले दोन मेव्हणे.) बायकोच घाबरली, तर रेल्वेच्या पासवर आरामात जाता आलं असतं.

म्हणून दुपारच्याला त्यांनी विमान पडण्याचा एक पिक्चर शोधून लावला. धुरपदाबाई लसूण सोलायला बसल्या. अर्ध्या तासात इंजिन पेटलं, पायलट बेशुद्ध पडला.

"बघ," आप्पा म्हणाले, "मागं गार्ड न्हाई. लाल झेंडी दाखवायला माणूस न्हाई. असल्या गाडीत बसायचं?"

"उतरलं की पन नीट," बाई म्हणाल्या. "ह्याचा दुसरा भाग हाय का वो?"

होता. तिसराही होता. दुसऱ्यात विमान समुद्रात गेलं, तिसऱ्यात त्याचं छप्पर उडालं. बाईंचा किलोभर लसूण सोलून झाला. आप्पांनी तिसरा भाग उशीच्या आडून बघितला.

"घाबरलीस का?" त्यांनी मोठ्या आशेनं विचारलं.

"कशापायी? तीच बाई तिन्ही बारी बसली आन् तिन्ही बारी उतरली. पुढचा भाग निघतोय म्हंजी माणूस वाचतंय."

झालं. ठरल्या दिवशी आप्पा विमानात बसले. पण गाडी सुटायच्या आधी मागचा लाल दिवा बघायची सवय हाडात मुरलेली. ते उठले आणि तडक शेपटाकडं निघाले. हवाई सुंदरीला वाटलं, म्हाताऱ्यांना घाई झाली. तिनं अदबीनं संडासाचं दार उघडून धरलं. (आप्पा भिडेखातर आत जाऊन आले.)

विमान वर उचललं तसा त्यांनी बायकोचा हात गच्च धरला. दोन बांगड्या वाढल्या.

"धुरपे, मला लई भ्या वाटतंय गं," ते शेवटी बोलून गेले.

"ते मला त्या उशीपासनं ठावं हाय," बाई म्हणाल्या. "पोरानं परतीचं तिकीट काढलंय का न्हाई?"

"काढलंय."

"मग दुसरा भाग हाय की. ह्या भागात कशाला काय हुतंय?"

आप्पांना एकदम पटलं. त्यांनी हात सोडला, मान मागं टेकली, डोळे मिटले. नात डोळ्यांपुढं आली. बरं वाटलं.

आणि मग त्यांना आठवलं, पिक्चरच्या दुसऱ्या भागात बाई तीच होती, पण तिचा नवरा नवा होता.